होम थिएटरमधलं नेमकं काय बदलायचं, आणि कधी?

"आता हे सगळं जुनं झालंय, बदलून टाकू" असं घरात कुणी म्हणालं की चौकशी सुरू होते ती टीव्हीच्या इंचांची आणि स्पीकरच्या वॉटची. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सिनेमा बघताना नेमकं काय खटकतंय? संवाद कळत नाहीत, अंधारातले प्रसंग करडे दिसतात, नवीन गेमिंग कन्सोल जोडला की पडदा काळा होतो, स्फोटाच्या प्रसंगात सोफ्यावर काहीच जाणवत नाही. यातल्या प्रत्येक तक्रारीचं मूळ वेगळ्या ठिकाणी असतं, आणि बऱ्याच तक्रारी एकही नवी वस्तू न आणता मिटतात. तक्रार एका वाक्यात सांगता येत नसेल तर खरेदीची वेळ अजून आलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, सगळं एकाच दिवशी घरात आलेलं असलं तरी त्यातली प्रत्येक वस्तू आपापल्या गतीने जुनी होते. ही गती एकदा लक्षात आली की पैसे कुठे घालायचे हे ठरवणं फार सोपं होतं.

कुठली वस्तू किती टिकते

सगळ्यांत सावकाश जुना होतो तो स्पीकर. चुंबक, तारेचं वेटोळं आणि त्याच्या जोरावर पुढेमागे हलणारा कोन, ही रचना जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. मूळ तत्त्व आजही तेच आहे. स्पीकरला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, त्याचं कुठलं पोर्ट कालबाह्य होत नाही. खराब होते ती कोनच्या भोवतीची लवचीक कड. ती फोमची असेल तर साधारण दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा व्हायला लागतो. रबराची असेल तर कितीतरी जास्त टिकते. जाळी काढून त्या कडेला अलगद बोट लावून बघा. बोटाला काळी पूड लागली किंवा भेग दिसली, तर आवाज फाटतो तो त्यामुळेच. तेव्हाही सगळा स्पीकर टाकून द्यावा लागत नाही. तेवढी कड बदलता येते.

रिसिव्हरची, म्हणजे सगळी उपकरणं आणि स्पीकर जोडायच्या मधल्या डब्याची, गोष्ट अगदी उलट. त्याच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर वर्षानुवर्षं ठणठणीत असतो, पण मागची पोर्टं मागे पडतात. चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीची पहिली आवृत्ती २००२ च्या शेवटी आली. २००९ मध्ये १.४ आली आणि टीव्हीतला आवाज त्याच केबलमधून रिसिव्हरकडे उलट पाठवण्याची सोय, म्हणजे आर्क, मिळाली. २०१३ मध्ये २.० आली, सेकंदाला १८ गिगाबिट क्षमतेची. तिच्यामुळे ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचं) चित्र सेकंदाला ६० फ्रेमने जाऊ लागलं. २०१७ मध्ये २.१ ने ही क्षमता ४८ गिगाबिटवर नेली. म्हणजे पंधरा वर्षांत पोर्टांची दुनिया अनेकदा बदलली, आणि तेवढ्या काळात स्पीकरच्या तारेतून जाणाऱ्या विजेत काहीही फरक पडला नाही.

टीव्ही या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. पॅनेल बरीच वर्षं चालतं, पण टीव्हीमधली अ‍ॅप्स त्याच्याआधी दम तोडतात: प्रोसेसर कमी पडतो, अपडेट बंद होतात, एखादी स्ट्रीमिंग सेवा जुन्या मॉडेलवर चालेनाशी होते. निव्वळ या कारणासाठी चांगला टीव्ही बदलणं मला मुळीच पटत नाही. एचडीएमआयमध्ये लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्या, टीव्हीला फक्त पडदा म्हणून वापरा, आणि तो पुढे कित्येक वर्षं चालेल.

म्हणून एकूण रकमेतला मोठा वाटा स्पीकर आणि सबवूफर (खोल बासचा वेगळा स्पीकर) यांत घालावा, आणि ज्या डब्यांचं आयुष्य पोर्टांवर अवलंबून आहे ते गरजेपुरते घ्यावेत. बहुतेक जण याच्या बरोबर उलट करतात: बारीक स्पीकर आणि सगळी चिन्हं छापलेला भारी रिसिव्हर. पाच वर्षांनी त्या चिन्हांच्या पुढच्या आवृत्त्या आलेल्या असतात आणि बारीक स्पीकर मात्र तेवढेच बारीक वाजत असतात.

आधी आवाजाची तपासणी

आवाजाबद्दलची सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधावा लागतो. या तक्रारीसाठी काही विकत घेण्याआधी रिसिव्हरच्या समोरच्या डिस्प्लेकडे बघा. ५.१ ध्वनी (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांचा) असलेला सिनेमा लावला आहे आणि डिस्प्लेवर डॉल्बी किंवा डीटीएस (अनेक चॅनलच्या ध्वनीच्या पद्धती) ऐवजी नुसतं 'पीसीएम' आणि दोनच चॅनल दिसत असतील, तर टीव्ही रिसिव्हरकडे फक्त दोन चॅनलचा आवाज पाठवतो आहे. टीव्हीच्या साउंड मेन्यूत डिजिटल आउटपुटचं सेटिंग 'पीसीएम' वरून 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' वर न्या. एवढ्या एका बदलाने टीव्हीजवळच्या मधल्या, म्हणजे सेंटर, स्पीकरला त्याच्या हक्काचे संवाद मिळायला लागतात. अशी घरं खूप आहेत जिथे पाच स्पीकर लावलेले आहेत आणि मूळ पाच चॅनलचा आवाज त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलेलाच नाही.

मग सेंटर स्पीकर कुठे आहे ते बघा. तो टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला असेल तर त्याचा आवाज आधी खणाच्या फळ्यांवर आपटतो आणि मग बाहेर येतो. त्याला पुढे ओढून फळीच्या कडेपर्यंत आणा. तो कानांच्या पातळीपेक्षा खाली असेल तर पुढच्या बाजूला खाली रबराचा छोटा तुकडा ठेवून तोंड थोडं वर करा. मग रिसिव्हरच्या मेन्यूत फक्त सेंटर चॅनल दोन-तीन डेसिबलने वाढवा. रात्री बघायचं असेल तर 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज'चं सेटिंग चालू करा. मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात. एवढं करूनही संवाद कळत नसतील तर सेंटर स्पीकर बदलण्याचा विचार रास्त आहे, आणि तो शक्यतो पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्याच मालिकेतला घ्यावा, नाहीतर पडद्यावर एखादा माणूस चालत गेला की त्याचा आवाज मधेच पालटतो.

वॉटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सर्वाधिक फसगत होते. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॉट. चॅनलमागे ८० वॉटचा रिसिव्हर काढून १०० वॉटचा आणला तर फरक पडतो जेमतेम १ डेसिबलचा, जो सिनेमा बघताना लक्षातही येणार नाही. त्याऐवजी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत तो किती मोठा वाजतो ते, बघा. ८४ डेसिबलच्या स्पीकरच्या जागी ९० डेसिबलचा आला तर तेवढ्याच मोठ्या आवाजाला एक चतुर्थांश ताकद पुरते. नव्या अ‍ॅम्प्लिफायरचं खरं कारण वेगळं असतं: आवाज वाढवला की रिसिव्हर आपोआप बंद पडतो, खूप तापतो, किंवा चार ओहमचे (जास्त वीज ओढणारे) स्पीकर जोडले आहेत आणि ते त्याला झेपत नाहीत.

आता सबवूफर. "बास येत नाही" म्हणून मोठा सबवूफर आणणाऱ्यांपैकी अनेकांची अडचण खोलीची असते. साधारण ४.३ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन टोकांच्या भिंतींमध्ये अडकून घुमतो. भिंतींजवळ तो फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. सोफा नेमका मध्यावर असेल तर कितीही महागडा सबवूफर आणला तरी तिथला तो सूर पोकळच राहणार. सोफा दीड-दोन फूट मागे किंवा पुढे सरकवून बघा, याला काही खर्च येत नाही. सबवूफरची जागा शोधायची पद्धतही सोपी आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो तिथेच ठेवायचा, एखादी बासची धून सतत वाजवायची, आणि जिथे जिथे सबवूफर ठेवणं शक्य आहे तिथे खाली वाकून कान लावत फिरायचं. जिथे सगळे सूर सारखे, भरीव आणि स्वच्छ ऐकू येतात तिथे सबवूफर आणून ठेवायचा. एवढं करूनही एका जागी बास भरपूर आणि शेजारच्या जागी गायब असं होत असेल, तर एका अवाढव्य सबवूफरपेक्षा दोन मध्यम सबवूफर खोलीत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणं जास्त उपयोगी पडतं.

अ‍ॅटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या ध्वनिपद्धतीसाठी, सगळं बदलावं का? डॉल्बी अ‍ॅटमॉस चित्रपटगृहांत २०१२ मध्ये आलं आणि घरगुती उपकरणांत २०१४ पासून. डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर खरोखर डोक्यावरून गेल्यासारखं वाटतं, आणि छतात स्पीकर बसवणं शक्य असेल तर हा बदल मनापासून करण्यासारखा आहे. वरच्या दिशेने आवाज फेकणारे स्पीकर घ्यायचे असतील तर आधी छत बघा. ते सपाट, कडक आणि फार उंच नसलेलं हवं, कारण आवाज तिथे आपटून खाली यायचा असतो. उतरतं किंवा आवाज शोषणारं छत असेल तर पैसे वाया जातील. आणि खालचे पाच स्पीकर सुमार असतील तर छताकडे बघण्याआधी ते सुधारा.

पोर्टांचा गुंता

इथे घाई फार महागात पडते. नवा टीव्ही किंवा कन्सोल आला आणि जुना रिसिव्हर त्याचं चित्र पुढे जाऊ देत नाही, म्हणून रिसिव्हर बाद करायचा असं ठरतं. पण चित्र रिसिव्हरमधून जायलाच हवं असं कुठे आहे? कन्सोल किंवा प्लेयर थेट टीव्हीला जोडा आणि आवाज टीव्हीतून आर्कने किंवा ई-आर्कने (आर्कच्या जास्त क्षमतेच्या आवृत्तीने) रिसिव्हरकडे परत आणा. स्ट्रीमिंग सेवांवरचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळलेलं असतं. ते साध्या आर्कमधूनही जातं, फक्त रिसिव्हरला अ‍ॅटमॉस समजायला हवं. डिस्कवरचा काहीही न गाळलेला ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी ध्वनी हवा असेल तरच ई-आर्क लागतं. ते एचडीएमआय २.१ बरोबर आलं, पण काही जुन्या रिसिव्हरनाही नंतर सॉफ्टवेअर अपडेटने मिळालं, तेव्हा आधी अपडेट तपासा. बऱ्याच ४के डिस्क प्लेयरना दोन एचडीएमआय आउटपुट असतात. एकातून चित्र टीव्हीला, दुसऱ्यातून आवाज रिसिव्हरला. तिथे तर जुन्या रिसिव्हरची काहीच अडचण उरत नाही.

काळा पडदा दिसला तर आणखी दोन ठिकाणी बघावं लागतं. एक म्हणजे टीव्हीच्या प्रत्येक एचडीएमआय पोर्टचं स्वतंत्र सेटिंग. पूर्ण क्षमता वापरायची की नाही हे तिथे ठरतं आणि अनेक टीव्हींवर ते सुरुवातीला बंद असतं. कंपनीनुसार त्याचं नाव बदलतं, पण 'डीप कलर' किंवा 'एन्हान्स्ड' असे शब्द त्यात आढळतात. दुसरं म्हणजे एचडीसीपी हे नकलविरोधी कुलूप. २०१३-१४ च्या सुमाराचे काही रिसिव्हर ४के चित्र घेतात, पण एचडीसीपी २.२ ओळखत नाहीत, त्यामुळे संरक्षित ४के सिनेमा त्यांच्यातून जातच नाही. खोक्यावर '४के' लिहिलेलं असणं एवढ्यावर कधीच विसंबू नये.

केबलबद्दल थोडक्यात: डिजिटल केबल चालते किंवा चालत नाही. महागड्या केबलने रंग गडद होत नाहीत की आवाज गोड होत नाही. चित्रात पांढरे ठिपके चमकणं किंवा क्षणभर पडदा काळा होणं ही केबल कमी पडत असल्याची खूण. ४८ गिगाबिटसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणित केलेली केबल घ्या, बास.

चित्र: इंच, अंतर आणि उजेड

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील वेगळा दिसतो. ५५ इंची टीव्हीवर हे गणित मांडलं तर सुमारे २.२ मीटरच्या (सात फुटांच्या) पलीकडे बसल्यावर १०८०पी (फुल एचडी) आणि ४के यांतला निव्वळ बारकाव्याचा फरक डोळ्याला पकडता येत नाही. ६५ इंचांसाठी हे अंतर सुमारे २.६ मीटर होतं. तुमचा सोफा दहा फुटांवर असेल आणि तुम्ही ५५ इंची १०८०पी टीव्हीच्या जागी ५५ इंची ४के टीव्ही आणायचं म्हणत असाल, तर पिक्सेलच्या संख्येने फार काही हाती लागणार नाही. ८केचं तर याहून अवघड आहे: ३ कोटी ३० लाख पिक्सेल दिसायला टीव्हीच्या इतकं जवळ बसावं लागेल की अख्खी चौकट एका नजरेत मावणार नाही. मोठा टीव्ही घ्यायचा की नाही हेही अंतरच ठरवतं. पडदा नजरेचा निदान ३० अंशांचा कोन व्यापतो तेव्हा सिनेमाचा भास येऊ लागतो. ६५ इंची टीव्हीसाठी ते अंतर सुमारे २.७ मीटर, ५५ इंचीसाठी सुमारे २.३ मीटर.

नव्या टीव्हीत खरोखर डोळ्यांत भरतो तो एचडीआर, म्हणजे चित्रातल्या उजळ आणि काळ्या भागांतला जास्त मोठा फरक. साध्या चित्रपटांची रंगसंगती सुमारे १०० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून ठरवलेली असते. एचडीआर चित्रपटांसाठी बहुधा १,००० निट्स किंवा त्याहून जास्त. पण खोक्यावर एचडीआर लिहिलेलं असण्याचा अर्थ एवढाच की टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो. ज्याचा उजेड ३०० निट्सच्या आसपासच थांबतो आणि ज्याच्या मागचे दिवे पडद्याच्या वेगवेगळ्या भागांत वेगळे मंद होत नाहीत, अशा टीव्हीवर एचडीआर सिनेमा उलट काळवंडलेला दिसू शकतो. म्हणून टीव्ही बदलायचाच असेल तर ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारं पॅनेल) किंवा भरपूर झोन असलेलं लोकल डिमिंग (मागचे दिवे भागाभागाने मंद करण्याची सोय), यांपैकी काहीतरी मिळत असेल तरच बदला. तेवढी तरतूद होत नसेल तर थांबा आणि आहे तो टीव्ही नीट लावा.

नीट लावा म्हणजे काय? दुकानात चमकावं म्हणून ठेवलेला 'व्हिविड' मोड काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड निवडा (हा दुसरा मोड यूएचडी अलायन्सने २०१९ मध्ये जाहीर केला). सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित झालेला असतो. मधल्या फ्रेम स्वतः तयार करून मालिकेसारखं गुळगुळीत चित्र दाखवणारं सेटिंग बंद करा. आणि काळा रंग करडा दिसत असेल तर आधी खोलीतला दिवा बघा. पडद्यावर पडणारा उजेड काढून टीव्हीच्या मागे एक मंद दिवा लावला की तोच टीव्ही निराळा वाटतो. प्रोजेक्टरला तर हे दुप्पट लागू आहे. पांढरा पडदा खोलीतल्या उजेडापेक्षा काळा होऊच शकत नाही, तेव्हा नव्या प्रोजेक्टरआधी खिडक्यांना जाड पडदे. जुन्या प्रोजेक्टरचं चित्र हळूहळू फिकं झालं असेल तर दिव्याचे तास मेन्यूत बघा. दिवा साधारण दोन ते चार हजार तास चालतो आणि तो बदलता येतो. लेझर प्रोजेक्टरचा उजेड वीस हजार तासांच्या आसपास टिकतो, पण तो संपला की सहसा यंत्रच बदलावं लागतं.

थांबायचं कधी, उडी कधी मारायची

दोन तंत्रं आपसात झगडत असतील तेव्हा थांबलेलं बरं. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे यांच्या लढाईत फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली आणि एचडी डीव्हीडी प्लेयर घेतलेल्यांच्या हाती एक बंद पडलेली वाट उरली. थ्रीडी टीव्हीसाठी लोकांनी चष्म्यांसकट खर्च केला आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते बनवणं सोडून दिलं. एचडीएमआय २.१ असलेले पहिले रिसिव्हर २०२० मध्ये आले, तेव्हा त्यांतल्या काहींच्या चिपमध्ये दोष निघाला आणि काही उपकरणांचं १२० फ्रेमचं ४के चित्र त्यांच्यातून जाईना. पहिल्या पिढीची वस्तू घेण्याची निकड फार थोड्यांना असते.

उडी मारावी अशा वेळाही आहेत. ओएलईडीवर वाहिनीच्या चिन्हाचा डाग कायमचा उमटलाय. पॅनेलवर काळे पट्टे आलेत आणि दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या निम्म्याच्या वर जातोय. घरात गेमिंग आलंय आणि १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० फ्रेम) हवंय. घर किंवा खोली बदलली आणि जुना ४३ इंची टीव्ही आता बारा फुटांवरून बघावा लागतोय. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवरच आजवर भागवलं असेल, तर साधा चांगला साउंडबार किंवा दोन बरे स्पीकरसुद्धा कुठल्याही नव्या पॅनेलपेक्षा जास्त आनंद देतील.

बदल करताना एका वेळी एकच वस्तू बदला, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. दोन स्पीकरची तुलना करताना दोघांचा आवाज आधी सारखा करून घ्या, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच सरस वाटतो. फोनवरचं डेसिबल मोजायचं साधं अ‍ॅप यासाठी पुरतं. आणि नवी वस्तू जोडल्यावर, किंवा सोफा हलवल्यावरही, रिसिव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (माइकने आवाज मोजून स्पीकर आपोआप जुळवणारी सोय) पुन्हा चालवा. पंखा बंद, खोलीत शांतता, माइक हातात धरायचा नाही. बसल्यावर कान येतात त्या उंचीवर स्टँडवर ठेवायचा. ते झालं की स्पीकरचं सेटिंग एकदा स्वतः उघडून बघा. पुष्कळदा रिसिव्हर पुढच्या स्पीकरना 'लार्ज' ठरवून मोकळा होतो. ते 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे खालचे सूर सबवूफरकडे जातील आणि पुढचे स्पीकर मोकळेपणाने वाजतील.